जगाच्या नकाशात आपले माळरान कोणत्या रंगाचे, आणि समुद्राला एकच निळा रंग का?

भूगोलशिक्षिका

सर्वांना नमस्कार. बारामती तालुक्याच्या जिरायती भागातील एका माध्यमिक शाळेत मी अठरा वर्षांपासून भूगोल शिकवते. जगातील जीवसंहती, म्हणजे सारख्या वनस्पती आणि प्राणी असलेले मोठे प्रदेश, ज्यांना हल्ली मराठीतही बायोम म्हणण्याचा प्रघात पडला आहे, हा विषय मी दरवर्षी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावरून शिकवते आणि टुंड्रा, तैगा, स्टेप, प्रेअरी, पंपास, व्हेल्ड, सुदान ही नावे मुले पाढ्यांसारखी पाठ करतात. यंदा मात्र एका विद्यार्थिनीने नकाशाजवळ येऊन विचारले, "मॅडम, आपलं माळरान ह्यात कुठंय?" मी सवयीने भारतावर बोट ठेवून "मोसमी वनांचा प्रदेश" असे सांगितले. तिने खिडकीबाहेर पाहिले आणि ती काही बोलली नाही. आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे गुडघाभर पिवळे गवत, मधूनच एखादे हिवराचे किंवा बोरीचे झाड आणि चरणारी मेंढरे एवढेच दिसते. वन म्हणावे असे तिथे काहीही नाही.

घरी येऊन मी आंतरजालावर नकाशे पाहिले आणि माझा गोंधळ वाढला. एका नकाशात आमचा भाग उष्णकटिबंधीय पानझडी वनांत मोडतो, दुसऱ्यात तो 'वाळवंटे व शुष्क झुडपी प्रदेश' या गटात, म्हणजे थेट थरच्या वाळवंटाच्या रंगात रंगवलेला आहे, तर तिसऱ्यात तो सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा उष्ण गवताळ प्रदेश, आहे. आमच्याकडे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत आटोपतो. एकाच जमिनीला तीन नावे कशी काय मिळतात, आणि त्यातले कोणते मी मुलांना सांगावे?

दुसरा प्रश्न त्याच वर्गातल्या एका मुलाचा आहे. त्याचे मामा रायगड जिल्ह्यात मासेमारी करतात. तो म्हणाला, "जमिनीला इतके रंग दिलेत, मग समुद्र सगळा एकाच निळ्या रंगात का? तिथं सगळीकडं सारखंच असतं का?" जल परिसंस्था आम्ही गोड्या पाण्याच्या आणि खाऱ्या पाण्याच्या अशा दोन ओळींत संपवतो, त्यामुळे माझ्याकडे त्यालाही देण्यासारखे उत्तर नव्हते. परीक्षेपुरते उत्तर मला नको आहे. सविस्तर लिहिलेत तर उपकार होतील.

पवन्या

आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न परिस्थितिविज्ञानातला आजही चर्चेत असलेला प्रश्न आहे, तेव्हा तिला तसे जरूर सांगावे. मी काही वर्षे पुणे, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांच्या गवताळ भागांत वनस्पतींच्या नोंदी घेतल्या आहेत, त्या आधारावर माझे मत मांडतो.

तीन नकाशांत तीन नावे येतात, कारण तिन्ही नकाशे वेगवेगळे प्रश्न विचारून काढलेले असतात. जीवसंहतींची जुनी मांडणी हवामानावर उभी आहे. अमेरिकी परिस्थितिवैज्ञानिक रॉबर्ट व्हिटेकर यांची १९७५ सालची आकृती जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडते. तिच्यात एका अक्षावर सरासरी तापमान, दुसऱ्यावर वार्षिक पर्जन्यमान घेतलेले असते आणि त्यांच्या मेळातून इथे वाळवंट, इथे सदाहरित वन असे प्रदेश आखलेले असतात. पुस्तकांत ही आकृती उतरवून घेताना एक गोष्ट बहुधा गळून पडते, ती अशी की खुद्द व्हिटेकर यांनी आकृतीच्या मध्यभागी एक तुटक रेषा काढून एक मोठा टापू वेगळा दाखवला होता. त्या टापूत केवळ हवामानावरून काहीच ठरत नाही. आग, माती आणि ऋतूंचा ताल यांनुसार तिथे गवताळ प्रदेशही असू शकतो आणि झाडोराही. जगातले बरेचसे सॅव्हाना याच तुटक रेषेच्या आत येतात.

दक्षिण आफ्रिकेतील विल्यम बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली संगणकीय प्रतिमानात जगातली आग पूर्णपणे बंद करून पाहिली, तेव्हा घनदाट वनांचे क्षेत्र वनस्पतींनी व्यापलेल्या जमिनीच्या २७ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेले. म्हणजे पाऊस आणि ऊन यांच्या हिशेबाने जिथे वन असायला हरकत नाही, अशा फार मोठ्या भूभागावर प्रत्यक्षात गवत आहे, आणि ते तिथे टिकून राहण्यामागे आगीचा मोठा हात आहे. चराईचेही तसेच. आफ्रिकेत १८९०च्या दशकात गुरांबरोबर बुळकांडी हा गुरांचा साथीचा रोग पोहोचला आणि त्याने टांझानियातील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशातल्या विल्डबीस्ट या चरणाऱ्या प्राण्यांचे कळपच्या कळप नाहीसे केले. १९६०च्या दशकात गुरांच्या लसीकरणामुळे तो रोग त्या भागातून हटला आणि विल्डबीस्टची संख्या अडीच-तीन लाखांवरून दहा लाखांच्या वर गेली. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ले, वाळके गवत उरले नाही, त्यामुळे वणवे घटले आणि मग झाडे वाढली. पाऊस तोच, तापमान तेच, आणि तरीही एका विषाणूच्या जाण्याने भूप्रदेशाचा चेहरा बदलला. बुळकांडी आपल्याकडच्या वयस्क शेतकऱ्यांना नावानिशी आठवते, म्हणून हे उदाहरण आपल्या वर्गात चांगले रुजेल असे वाटते.

आता आपला माळ. आपल्याकडे वनांचे प्रकार पाडले ते चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८च्या वर्गीकरणाने, आणि त्याचा पाया इंग्रजी अमदानीतल्या वनखात्याचा होता. लाकूड देणारे ते वन, या दृष्टीने पाहिले की मोकळा गवताळ प्रदेश हा वनाचा ढासळलेला टप्पा ठरतो. त्या मांडणीत गवताळ भागांना बहुतेक ठिकाणी अशाच 'अवनत' अवस्थेचे स्थान मिळाले. पुढे २००१ साली जगाच्या १४ जीवसंहती आणि त्यांच्या पोटातली ८६७ लहान परिक्षेत्रे (इकोरीजन) दाखवणारा जो प्रसिद्ध नकाशा निघाला, त्यात दख्खनचा कोरडा पट्टा काटेरी झुडपी वन म्हणून वाळवंटांच्या गटात गेला आणि भारतातील उष्णकटिबंधीय गवताळ प्रदेश म्हणून फक्त हिमालयाच्या पायथ्याचा तराई-दुआर पट्टा उरला. आपल्याला थरचा रंग दिसला, तो याच परंपरेतून आलेल्या नकाशात असणार.

माझ्या मते आपला माळ हा सॅव्हानाच आहे, आणि असे म्हणायला तीन आधार आहेत. पहिला, इथली मुख्य गवते, कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी, ही सारी ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात ती उष्ण आणि उघड्या जागेसाठीच घडलेली आहे. दाट सावलीत ही गवते तग धरत नाहीत, त्यामुळे वनाच्या छायेत ती पूर्वी दबून होती आणि वन तोडल्यावर उफाळून वर आली, हे पटत नाही. दुसरा आधार कालगणनेचा. शिवालिकच्या जुन्या मातीतील कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, असे दिसते की दक्षिण आशियात या प्रकारची गवते सुमारे सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरली, म्हणजे कुऱ्हाड हातात घेणारा माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी. तिसरा आधार प्राण्यांचा: माळढोक, तणमोर, धाविक, चिंकारा, काळवीट, खोकड यांच्यासारखे उघड्या गवतासाठीच घडलेले जीव तोडलेल्या जंगलात चार-दोन शतकांत निर्माण होत नाहीत.

हा केवळ नावाचा वाद असता तर मी इतके लिहिले नसते. नकाशावर 'अवनत वन' किंवा सरकारदप्तरी 'पडीक' असा शिक्का बसला की त्या जमिनीवर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते, आणि झाडांनी सावली धरली की गवत मरते. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली खास माळढोकसाठी अभयारण्य केले गेले. आज तिथे माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. त्याला कारणे अनेक आहेत, पण सलग आणि उघडे गवत कमी होत जाणे हे त्यातले ठळक कारण आहे.

एक प्रयोग वर्गात करून पाहावा. कार्तिकात कुसळीचे पिकलेले बी टोकासकट तोडून आणावे आणि ओल्या तळहातावर ठेवावे. त्याचे लांब कुसळ ओल लागताच पीळ सोडू लागते, वाळले की पुन्हा पीळ भरते, आणि अशा गरगर फिरण्याने बी गिरमिटासारखे मातीत शिरते. बोटभर मातीखाली गेलेल्या बियाला वरून जाणाऱ्या वणव्याची धग लागत नाही. आगीशी इतक्या जुन्या ओळखीची खूण बाळगणारे गवत मुलांच्या पायजम्याला रोज चिकटते, हे त्यांनी स्वतः पाहावे.

माणदेशी

पवन्या यांनी शास्त्र सांगितले, त्यात मी आमच्या घरच्या अनुभवाची भर घालतो. आमचे घराणे मेंढपाळांचे आहे. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरे आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी माण तालुक्यात परतायचे, हा क्रम माझ्या वडिलांपर्यंत अखंड चालला. वाटेत शेतकरी मेंढरे बसवण्यासाठी थांबवून घेत, कारण दोन रात्री मेंढरे बसली की त्या रानाला वेगळे खत लागत नसे. अशा फिरण्यामुळे माळाच्या कोणत्याही एका तुकड्यावर बारा महिने तोंड पडत नव्हते, आणि पावसाळ्यात जे गवत वाढे त्याला बी धरायला उसंत मिळे. ताई, तुम्ही खिडकीतून पाहता ती मेंढरे त्या माळाचाच भाग आहेत. ती एकाच जागी अडकून पडली तरच माळ उघडा पडतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या गायरानात एका संस्थेने मोठ्या हौसेने वृक्षलागवड केली. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. उतारावर आडवे चर खणले, त्यात ग्लिरिसिडियाची रोपे लावली आणि तारेचे कुंपण घातले. पहिल्या दोन वर्षांत चरांच्या कडेने गवत जोरात आले, म्हणून आम्हालाही बरे वाटले. पाचव्या वर्षी झाडांची सावली एकमेकींना मिळाली आणि त्यांच्याखाली मारवेल शोधूनही सापडेना. ग्लिरिसिडियाचा पाला मेंढरे नाखुशीने खातात. पूर्वी त्या माळावर चंडोल आभाळात उंच चढून गात असे आणि जमिनीवर गवताच्या बुडाशी अंडी घालत असे. आता तिथे त्याचा आवाज येत नाही. माझी आई त्या कुंपणाजवळून जाताना अजूनही थांबते आणि कुठल्या जागी कोणते गवत होते ते बोटाने दाखवते.

माझी विनंती एवढीच की मुलांना माळ दाखवताना तो ओसाड किंवा रिकामा आहे असे कोणी सांगू नये. गवताच्या दहा जाती नावाने ओळखणारी म्हातारी माणसे तुमच्या गावातही असतील, त्यांना एक दिवस शाळेत बोलवावे.

खाडीकाठ

मुलाच्या प्रश्नाला मी उत्तर देण्याचा प्रयत्न करते. माझे शिक्षण सागरविज्ञानात झाले आणि राहणे गोव्यात आहे. समुद्र सगळीकडे सारखा नसतो. त्याच्यातही जीवसंहती आहेत, पण त्या पावसाने आणि तापमानाने ठरत नाहीत, म्हणून जमिनीच्या नकाशाची रंगपेटी तिथे चालत नाही. जमिनीवर वनस्पतीला पाणी मिळेल की नाही हा मूळ प्रश्न असतो. समुद्रात पाणी अमाप आहे, आणि तिथे प्रश्न असतो तो प्रकाश आणि खत, म्हणजे नत्र, स्फुरद, लोह यांसारखी पोषकद्रव्ये, एकाच जागी एकत्र मिळतील की नाही याचा.

प्रकाश वरून येतो आणि अगदी नितळ पाण्यातही साधारण दोनशे मीटरच्या खाली प्रकाशसंश्लेषणापुरता उरत नाही, तर महासागरांची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे. पोषकद्रव्ये मात्र मृत जीवांबरोबर खाली बसतात. म्हणजे उजेड वर आणि खत तळघरात, अशी ही विभागणी आहे, आणि या दोघांची गाठ घालून देणारी जी शक्ती असेल, मग तो वारा असो, थंडी असो, भरती-ओहोटी असो की नदीचा लोंढा, तीच त्या समुद्राचे स्वरूप ठरवते. ॲलन लाँगहर्स्ट या शास्त्रज्ञांनी याच आधारावर महासागरांच्या चार जीवसंहती मानल्या: ध्रुवीय, पश्चिमी वाऱ्यांची, व्यापारी वाऱ्यांची आणि किनारी. त्यांच्या पोटात पन्नासहून अधिक प्रांत त्यांनी आखले. चारपैकी दोन जीवसंहतींची नावे वाऱ्यांवरून आहेत, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे, कारण ग्रहीय वारे तुम्ही शिकवलेलेच असतात. तारवे हाकणाऱ्या वाऱ्यांनीच समुद्रातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतीसारखे जीव, वाढतात किंवा उपाशी राहतात. हे प्लवक वजनाने जगातल्या एकूण वनस्पतींच्या एक टक्काही भरत नाहीत, आणि तरीही पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला सुमारे निम्मा वाटा त्यांचा असतो.

आपला अरबी समुद्र या बाबतीत जगावेगळा आहे, कारण त्याच्यावरचे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरून जोराने वाहतात तेव्हा तिथले वरचे पाणी दूर ढकलले जाते आणि खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात पाणी असे वर उचलले जाते. त्यावर जी प्लवकांची समृद्धी पोसते, तिच्यावर तारली आणि बांगडा यांचे थवे जगतात. हिवाळ्यात उत्तरेकडचे कोरडे, गार वारे समुद्राचा पृष्ठभाग थंड करतात, जड झालेले पाणी खाली बसते, खालचे वर येते आणि उत्तर अरबी समुद्रात दुसरा बहर येतो. जमिनीवरच्या खरीप आणि रब्बी हंगामांसारखेच हे दोन हंगाम समुद्रातही आहेत असे म्हटले, तर शेतकऱ्यांच्या मुलांना चटकन समजेल.

या समृद्धीची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर एवढे जीव वाढतात की ते मरून खाली जाताना, कुजताना, पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. म्हणून अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या दरम्यान जवळजवळ प्राणवायू नसलेल्या पाण्याचा एक प्रचंड थर आहे, आणि तो जगातल्या अशा सर्वांत मोठ्या थरांपैकी एक आहे. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यातही तळाशी प्राणवायू कमालीचा घटतो. पावसाचे आणि नद्यांचे हलके, गोडे पाणी झाकणासारखे वर पसरलेले असते आणि त्यामुळे वरची हवा खाली पोहोचू शकत नाही. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास अशा पाण्यातून मासे दूर निघून जातात. त्या मुलाने मामांना विचारावे की पावसानंतरच्या दिवसांत कोणत्या पट्ट्यात जाळे रिकामे येते. मामांकडे या शास्त्राची स्वतःची नोंद असेल अशी माझी खात्री आहे.

तेव्हा भिंतीवरच्या नकाशात समुद्र निळा राहिला याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे, की जमिनीची जीवसंहती जागेला बांधलेली असते, तर समुद्राची सीमा ऋतूप्रमाणे शेकडो किलोमीटर सरकते आणि ती खोलीप्रमाणेही बदलते. कागदाच्या एका पातळीवर ती मावत नाही.

भूगोलशिक्षिका

आपणा तिघांचे मनापासून आभार. माणदेशी यांचे पत्र मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, त्यानंतर बराच वेळ मुले शांत होती.

एक शंका राहिली आहे. आमच्याकडून सहल बहुतेक वेळा उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, रोहित पक्षी पाहायला जाते. एकदा आम्ही लोणारलाही गेलो होतो. ही दोन्ही पाणीसाठ्याची ठिकाणे 'गोड्या पाण्याची परिसंस्था' आणि 'खाऱ्या पाण्याची परिसंस्था' अशा दोनच कप्प्यांत घालणे मला आता अपुरे वाटते. त्यांचे वर्गीकरण कसे करतात?

पाणथळ

आपली शंका रास्त आहे. नद्या आणि तळी यांतले पाणी पृथ्वीवरच्या एकूण पाण्याच्या एक शतांश टक्क्याहूनही कमी भरते, आणि तरीही माशांच्या ज्ञात जातींपैकी निम्म्याच्या आसपास जाती गोड्या पाण्यात राहतात. इतकी विविधता एका ओळीत बसणार नाही. तळ्याबद्दल मी नेहमी तीन प्रश्न विचारतो: पाणी किती काळ थांबते, वरचे पाणी खालच्यात मिसळते का, आणि त्यात काय विरघळले आहे?

मिसळण्याच्या प्रश्नासाठी जगातली दोन सर्वांत खोल सरोवरे शेजारी ठेवून पाहावीत. सैबेरियातील बैकल १,६४२ मीटर खोल आहे, आफ्रिकेतील टांगानिका सुमारे १,४७० मीटर. बैकलचे पाणी थंड असते, ते खालवर होत राहते, आणि त्यामुळे अगदी तळापर्यंत प्राणवायू पोहोचून तिथेही प्राणी राहतात. टांगानिकाचा पृष्ठभाग बारा महिने उबदार असतो, हलके गरम पाणी वर तरंगत राहते, आणि शे-दोनशे मीटरच्या खाली प्राणवायूच नसल्याने त्या अफाट खोलीचा बहुतेक भाग माशांना बंद आहे. दोन्ही 'खोल, गोड्या पाण्याची सरोवरे', पण आतून दोन वेगळी जगे. टांगानिकाचा पृष्ठभाग गेल्या शतकात अधिक तापला, मिसळणे आणखी कमी झाले आणि वर येणारे खत घटले, असे तिथल्या अभ्यासांतून दिसले आहे. काठावरच्या लोकांचे रोजचे अन्न त्यातल्या लहान माशांवर अवलंबून असल्याने ही फार गंभीर गोष्ट आहे.

लोणारबाबत विरघळलेल्या पदार्थांचा प्रश्न निर्णायक ठरतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या, बेसाल्टमधल्या त्या विवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही, ते केवळ वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे तिथले पाणी खारट तर आहेच, शिवाय सामू दहाच्या आसपास असण्याइतके अल्कधर्मी आहे. त्याचे जवळचे नातलग शोधायचे तर आपल्याला शेजारच्या जिल्ह्यातले तळे सोडून पूर्व आफ्रिकेतील नाकुरू आणि नेट्रॉन या सोडा सरोवरांकडे जावे लागते. जमिनीवरच्या जीवसंहतीत हवामान सारखे असेल तर दूरदूरचे प्रदेश सारखे दिसतात. तळ्यांत ते काम पाण्याचे रसायन करते. २०२०च्या जूनमध्ये पाणी आटून क्षार वाढले तेव्हा लोणार गुलाबी झाले, ते त्या खारटपणात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

उजनी हे सरोवर नव्हेच. १९८०मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा तो जलाशय आहे आणि त्याचा ताल पाटबंधाऱ्यांच्या वेळापत्रकाने चालतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, शेतकरी त्यात गाळपेर करतात आणि रोहित त्याच उथळ गाळात माना उलट्या घालून चरतात. पाणी असे मागेपुढे झाले नसते तर ते पक्षी तिथे थांबले नसते.

आपल्याला उपयोगी पडेल अशी एक मांडणी सांगतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२०मध्ये परिसंस्थांचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात जमीन, गोडे पाणी, समुद्र आणि भूगर्भ अशी चार मुख्य क्षेत्रे आहेत, ती एकमेकांना जिथे भिडतात तिथली सहा संधिक्षेत्रे आहेत, आणि या सर्वांत मिळून २५ जीवसंहती व शंभराहून अधिक प्रकार आहेत. उजनीसारखे जलाशय आणि कोकणातली भातखाचरे त्यात 'मानवनिर्मित पाणथळी' या जीवसंहतीत येतात. ठाण्याच्या खाडीतील तिवरांचे कांदळवन समुद्र, गोडे पाणी आणि जमीन या तिघांच्या संधिक्षेत्रात येते, जिथे भरतीच्या पाण्यात बुडालेल्या चिखलातून झाडाची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर उभी असतात आणि निवटी त्यांच्यामधून उड्या मारत जाते. पवन्या यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे सॅव्हानाचेही त्यात प्रकार पाडले आहेत आणि त्यांतला एक मुख्यत्वे चराईवर टिकणारा, तर दुसरा मुख्यत्वे आगीवर टिकणारा मानला आहे.

सहलीला जाताना पांढरी रंगवलेली, वीतभर व्यासाची एक पत्र्याची थाळी, तिला खाली वजन आणि गाठी मारलेली दोरी एवढे बरोबर न्यावे. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू शास्त्रज्ञांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात अशीच थाळी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली आणि आजही तीच पद्धत वापरतात. थाळी ज्या खोलीवर दिसेनाशी होते, तिच्या साधारण दुप्पट-तिप्पट खोलीपर्यंत प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका उजेड जातो. गावातली विहीर, शेततळे आणि उजनी या तिन्ही ठिकाणी मुलांनी मोजून पाहावे. काठावर मोठ्या माणसाने उभे राहणे अर्थातच आवश्यक आहे.

पवन्या

वरच्या माझ्या उत्तरातून दोन गैरसमज होऊ शकतात, म्हणून हे जोडतो. सॅव्हाना आगीवर टिकतो याचा अर्थ माळाला काडी लावावी असा कोणीही घेऊ नये. कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी आणि किती तुकड्यावर आग जाते यावर सारे अवलंबून असते, आणि आज उरलेले माळाचे तुकडे इतके लहान आहेत की एका वणव्यात तिथली सारी घरटी आणि सरडे संपतात. दुसरे असे की पावसाबद्दलचे आकडे जसेच्या तसे एका खंडावरून दुसऱ्यावर नेता येत नाहीत. महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आफ्रिकेतील सॅव्हानांचा अभ्यास करून असे दाखवले, की साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली झाडे दाटी करू शकत नाहीत ती मुळात पाण्याअभावी, आणि त्याच्या वर मात्र आग किंवा चराई नसेल तर झाडांची छत्री मिटून येऊ शकते. आपल्या शाळेचा पाचशे मिलिमीटरचा माळ त्या हिशेबाने पहिल्या गटाजवळ येतो, परंतु मातीची खोली आणि पावसाचे महिने वेगळे असल्यामुळे हा आकडा इथे अंदाज म्हणूनच वापरावा.

माळाच्या वयाबद्दल शिवालिकच्या मातीखेरीज एक घरचा पुरावाही आहे. अलीकडे दोन संशोधकांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेतील ओव्यांत आलेल्या वनस्पतींचे उल्लेख वेचून पाहिले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागाबद्दलच्या त्या जुन्या नोंदींतही उघड्यावर वाढणाऱ्या काटेरी झाडांचे आणि गवताचेच प्राबल्य आढळले. सात-आठशे वर्षांपूर्वीही तिथे माळच होता. मराठीच्या शिक्षकांना बरोबर घेऊन हा भाग शिकवता येईल.

भूगोलशिक्षिका

आज शनिवारी सकाळच्या शाळेत आम्ही भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला. दख्खनच्या पठारावर मुलांनी गवताच्या रंगाचा एक कागद कापून चिकटवला आणि त्याच्या कडा मुद्दाम फाटक्या ठेवल्या, कारण घाटमाथ्याकडे नेमकी सीमा कुठे घालायची यावर त्यांचे एकमत झाले नाही. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिथून खाली वाईला तो हजाराच्याही आत, मग रंग कुठे बदलायचा, यावर अर्धा तास वाद चालला. अरबी समुद्रावर त्या मुलाने पेन्सिलीने दोन बाण काढले, एक पावसाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा. त्याच्या मामांनी दूरध्वनीवर सांगितले, की नवरात्राच्या सुमारास काही दिवस तळाच्या जाळ्यात मासळी फारच कमी येते, हे त्यांना वडिलांपासून ठाऊक आहे. कारण मात्र पहिल्यांदाच कळले.

कुसळीचे बी आम्ही अजून पाहिलेले नाही, कारण गवत अजून हिरवे आहे. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तिच्या आजीला गवतांची नावे सांगण्यासाठी पुढच्या शनिवारी शाळेत बोलावले आहे. तिने निरोप पाठवला आहे की शाळेत बसून नावे आठवणार नाहीत, मुलांना घेऊन माळावर या.